न उघडलेली सॅक

आमच्या जाऊबाई सॅक शिवतात. शाळेची दप्तरं, औजारांच्या थैल्या, डोंगरात कामाला जाणाऱ्यांच्या पाठीवरच्या मोठ्या सॅक. माणूस जे म्हणून खांद्याला अडकवून घराबाहेर पडतो ते सगळं त्यांच्या मशीनखालून जातं. रस्त्याकडची पुढची खोली म्हणजेच दुकान. दाराशी नवारपट्टीची रिळं, खिडकीत बकलांचा डबा, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या गुंडाळ्या. आत पाऊल टाकलं की मशीनच्या तेलाचा वास येतो आणि पाठोपाठ जाऊबाईंचा आवाज, "दार लाव आधी, थंडी आत येतेय."

गल्लीत त्यांना गाठवाली म्हणायचे. त्यांनी मारलेली गाठ सुटत नसे. कुणाला गाडीवर कपाट बांधायचं असलं की पहिली हाक त्यांनाच. आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, चेष्टा करायचे, "वहिनी, आमच्या दादालाही असंच बांधून ठेवलंय का हो?"

"तुझ्या दादाला दोरी कशाला लागते," जाऊबाई म्हणायच्या. "पुढ्यात ताट ठेवलं की हलत नाही जागचा."

भावजी नुसते हसायचे. बोलणं त्यांच्या वाट्याला कमीच आलं होतं. ते वीज कंपनीत लाइनमन. डोंगरावरून जी मोठी लाइन जाते, तिच्या मनोऱ्यांची पाहणी त्यांच्याकडे. हिवाळ्यात तारांवर बर्फ चढतं, कुठे तार झोळासारखी लोंबते, कुठे तारा तोलणाऱ्या चिनीमातीच्या चकत्या तडकतात. भावजींनी चालत जायचं, बघायचं आणि वायरलेसवरून कळवायचं. दुरुस्तीची टोळी मागाहून औजारं घेऊन जायची. त्यामुळे त्यांच्याजवळ ना पक्कड ना हातोडी, नुसती दुर्बीण, खिशात जेवणाचा डबा आणि पाठीवर जाऊबाईंनी शिवलेली सॅक.

ती सॅक रोजच्या कामाची नव्हतीच. डोंगरात रात्र अंगावर पडली तर, एवढ्यासाठी ती होती. आत पांघरायचा चंदेरी कागद, बसायला फोमचा तुकडा, कोरडे मोजे, लोकरी टोपी, हातमोजे, मेणबत्ती, आगपेटी, चाकू, शिट्टी, बिस्किटं. प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड पिळून दोरीने आवळलेलं. सॅकच्या तोंडाला सुती दोरी, तिला दुहेरी गाठ, वरून झाकण. सकाळी दारात भावजी पाठ करून शाळेच्या पोरासारखे उभे राहायचे आणि जाऊबाई स्वतःच्या हाताने गाठ आवळायच्या.

"झालं का?"

"झालं. आता भूकंप आला तरी सुटायची नाही."

मग सॅकवर एक थाप, आणि भावजी निघायचे. सुटीच्या दिवशी जाऊबाई शेगडीजवळ बसून ती गाठ सोडायच्या, सामानाला हवा दाखवायच्या आणि पुन्हा भरायच्या. डोंगरात ती उघडायची वेळ कधी आली नाही. डबा खिशात असायचा, पाणी कमरेला.

आणि एका हिवाळ्यात ती वेळ आली. जोडीदार आजारी होता म्हणून भावजी एकटे गेले होते. दुपारनंतर धुकं उतरलं, मग बर्फ. वायरलेसची बॅटरी थंडीने बसली. रात्रभर माणसं शोधत होती. सकाळी ते एका मनोऱ्याच्या पायाशी सापडले. ओढा ओलांडताना पडले असावेत. बाह्या आणि हातमोजे भिजून कडक झाले होते. सॅक मांडीवर होती आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवलेले. गाठ तशीच्या तशी.

टोळीचे मुकादम सॅक घेऊन घरी आले. जाऊबाईंनी शेगडीजवळ बसून ती उघडली. आतलं सगळं कोरडं ठणठणीत होतं. टोपीसुद्धा. मुकादम म्हणाले, "थंडीत माणसाला झोप येते, ताई. शुद्ध हरपते. उघडायचं सुचलंच नसेल." दोरीचं टोक गाठीपाशी कुरतडलेलं होतं, तंतू सुटलेले. मुकादम म्हणाले की सॅक कंपनीच्या गोदामात ठेवली होती, तिथे उंदीर फार आहेत.

जाऊबाई रडल्या नाहीत. रागावल्या. आणि तो राग काही केल्या गेला नाही. "सगळं पाठीवर होतं," त्या म्हणायच्या. "हात घालायचा आळस केला. मी काय करायचं राहिलं होतं सांग." मी कधी भावजींविषयी दोन शब्द चांगले बोलायला गेले की त्या मशीनचं पायडल जोरात मारायच्या, म्हणजे माझं बोलणं ऐकू येऊ नये. भिंतीवरचा त्यांचा फोटो काढून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. सॅक मात्र टाकली नाही. स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीला होती तशी लटकत राहिली. देवासमोर बसले की मी मागायचे, यांच्या मनातला तो जळता निखारा एकदा विझू दे. माणूस काहीही मागतं.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ठेंगणी होती म्हणून भावजींनी नाव पाडलं बुटकी, आणि आता घरात सगळ्यांत उंच तीच, तरी नाव बदललं नाही. बुटकी शिकली आणि वडिलांच्याच कंपनीत लागली. तोवर ठीक होतं. ती खाली वीज केंद्रात बसायची. या हिवाळ्याच्या तोंडाला तिने सांगितलं की तिला डोंगरावरची पाहणी मिळाली आहे. तीच लाइन.

घरात बोलणं बंद झालं. जेवताना फक्त भांडी वाजायची. मला वाटलं, आता जाऊबाई आकाशपाताळ एक करणार. पण एका संध्याकाळी त्या मशीनवरून उठल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "जा तू. पण सॅक मी देईन. आणि तपासून देईन."

"तपासून म्हणजे?" बुटकीने विचारलं.

"तुझ्या बापाने उघडली नाही. मी उघडणार. मागच्या अंगणात रात्र काढणार, त्या सॅकमधल्या सामानावर. पुरलं तर तीच तुला. नाही पुरलं तर तू जायचं नाहीस."

"आई, तू वेडी झालीस का?"

"झाले असते तर कधीच झाले असते. आता वय राहिलं नाही."

आमचे हे म्हणाले, "वहिनी, निदान उन्हाळ्यात तरी तपासा." कुणी हसलं नाही.

त्यांनी सॅक खुंटीवरून काढली आणि भावजी असताना भरायच्या तशीच भरली. तीच पिळलेली तोंडं, तीच गाठ, तीच कुरतडलेली दोरी. मी म्हटलं, "दोरी तरी नवी घाला." तर म्हणाल्या, "ते गेले तेव्हा हीच होती."

बर्फ पडून गेलं होतं आणि वारा पडायचं नाव घेत नव्हता अशी संध्याकाळ त्यांनी निवडली. मागच्या अंगणात कोळशाच्या खोपटाच्या आडोशाला पालथी बादली ठेवली. बसायच्या आधी एक काम केलं. हातमोजे पाण्याच्या दुसऱ्या बादलीत बुडवून, पिळून पुन्हा हातात घातले. मग मगभर पाणी सॅकच्या तोंडावर ओतलं.

"हे कशाला, जाऊबाई?"

"ते काय शेगडीजवळून उठून सॅक उघडायला बसले होते? आधी चालले, आधी पडले, आधी भिजले. मी पण आधी गारठते, मग उघडते."

मी आणि बुटकी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलो. चुलीवर पाणी, हाताशी घोंगडी, अंगणातला दिवा लावून ठेवलेला. ठरलं असं की मी मधूनमधून दार किलकिलं करून हाक मारायची आणि त्यांनी ओ द्यायची. ओ आली नाही की दोघींनी जाऊन उचलायचं.

"जाऊबाई, आहात ना?"

"नाही, फिरायला गेले. दार लाव, घर गार होतंय."

पुढच्या हाकेला नुसतं "आहे" आलं. त्याच्या पुढच्या हाकेला "हं". आवाज जड होता, तोंडात कापूस धरल्यासारखा. मी मनात देवाचं नाव घेत होते. बुटकी काचेवरची वाफ पुसायची, पुन्हा वाफ धरायची, पुन्हा पुसायची.

मग जाऊबाईंनी सॅक मांडीवर ओढली.

झाकण मागे गेलं. ते त्यांनी मनगटाने ढकललं. मग गाठीशी हात गेले आणि तिथेच घुटमळायला लागले. लांबून असं वाटत होतं की त्या सॅकला कुरवाळताहेत.

"काकू," बुटकी हळू म्हणाली, "ती बोटं वापरत नाहीये. बोटं वाकतच नाहीयेत बघ."

जाऊबाईंनी हातमोजे दातांनी ओढून काढले. उघड्या बोटांनी पुन्हा गाठ धरली, बोटं घसरली. पुन्हा धरली. दोरी भिजून, गोठून दगड झाली होती. ज्या बाईने जन्मभर गाठी मारल्या, ती आपलीच गाठ कुठल्या बाजूने सैल होते हे चाचपडत होती. त्यांनी सॅक गुडघ्यांत दाबली, गाठीखाली अंगठा घालायला बघितला, अंगठा शिरेना. सॅक बादलीच्या कडेवर आपटली. मग थांबल्या. मला वाटलं, आता हाक मारतील.

त्यांनी मान खाली घातली आणि गाठ दातात धरली.

कुत्रं हाड ओढतं तसं त्या मान हलवून ओढत होत्या. बराच वेळ. मग डोकं वर आलं. दिव्याच्या उजेडात त्यांनी दोरीचं ते टोक डोळ्यांजवळ धरलं, आणि मग सॅक मांडीवर नीट ठेवून तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि तशाच बसून राहिल्या.

मुकादमांनी भावजींचं जे वर्णन केलं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढे बसलं होतं.

बुटकी कात्री घेऊन धावली. मी मागे. जाऊबाईंच्या ओठातून रक्त आलं होतं आणि खालच्या दातांत दोरीचा तंतू अडकला होता.

"उंदीर नव्हते," त्या म्हणाल्या.

बुटकीला आधी कळलं नाही. मग कळलं. ती बर्फात खाली बसली आणि आईच्या मांडीवरची सॅक दोन्ही हातांनी धरून राहिली. वाऱ्याने दिवा हलत होता, आमच्या सावल्या खोपटावर मागेपुढे होत होत्या.

"चल आत, आई. झालं तपासून."

"निम्मं झालं. काप ती दोरी."

"नाही. आधी घरात चल."

"काप म्हणते ना. उघडली असती तर रात्र निघाली असती का, ते बघायचं राहिलंय."

बुटकीने माझ्याकडे बघितलं. तिने दोरी कापली. आतल्या पिशव्यांचीही तोंडं तिनेच कापून दिली, आणि जाऊबाईंनी आम्हाला हाताने आत जायला सांगितलं.

त्या रात्री मी देवाकडे काय मागावं हेच मला कळलं नाही. सामान पुरावं म्हणून मागितलं तर जाऊबाई धडधाकट उठतील, पण मग भावजी केवळ त्या गाठीपायी गेले असं होईल. पुरू नये म्हणून मागायला जीभ रेटेना. शेवटी मी नुसते हात जोडून बसले. आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता बसले असेन. बाहेर फोमच्या तुकड्यावर चंदेरी कागदाचं गाठोडं बसलेलं होतं, त्यातून मेणबत्तीचा मिणमिणता उजेड कधी दिसायचा, कधी नाही. हाक मारली की आतून शिट्टी वाजायची. बोलायच्या नाहीत.

उजाडलं तेव्हा त्या आपल्या पायांनी आत आल्या. तोंड राखेसारखं झालं होतं, पण पाय स्थिर होते. खुर्चीवर बसल्या. बुटकीने त्यांचे मोजे काढले. पाय ऊबदार होते. आम्ही तिघींनी ते पाय बघितले.

"निघते रात्र," जाऊबाई म्हणाल्या. "सगळं पुरतं."

मला राहवलं नाही. "जाऊबाई, अंगणात आणि डोंगरावर फरक असतो. ते पडले होते, दमले होते. तिथला वारा वेगळा. आणि देवाच्या मनात जे असतं—"

"देवाला मध्ये घालू नकोस," त्या म्हणाल्या. रागाने नाही; राग गेलेला होता, आवाजात त्याचा मागमूस नव्हता. मी जे इतकी वर्षं मागत होते ते झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. "गाठ मी मारली. मी त्यांना आळशी म्हणत राहिले, आणि तो माणूस दातांनी ओढत होता."

"बाबांनी कधी सांगितलंही नाही ना, की गाठ घट्ट होते म्हणून," बुटकी म्हणाली.

"सांगितलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "एकदा दारात म्हणाले, जरा सैल मार गं. मी म्हटलं, सैल गाठीला गाठ म्हणत नाहीत."

नंतर त्या अंथरुणाला खिळतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. बोटं सुजलेली होती, टोकांची कातडी सोलून निघत होती, तरी दुपारी मशीनवर बसल्या. जुन्या सॅकची शिलाई उसवली, कापड तेवढं ठेवलं. नव्या सॅकला दोरी नाहीच. तोंड रुंद, वरून दोनदा दुमडायचं आणि बाजूला एक पट्टी, तिच्या टोकाला हाताची मूठ जाईल एवढी कडी. कडी ओढली की सगळं तोंड आ वासतं. आत प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, पण तोंडं नुसती दुमडलेली, आणि प्रत्येकीला लांब फडकं शिवलेलं, नुसतं मनगटाने ओढलं तरी वर यावं असं. टोपी आणि हातमोजे सगळ्यांत वर. चाकू आणि शिट्टी आतमध्ये नाहीतच. ती खांद्याच्या पट्टीला, बाहेर.

मग बुटकीची परीक्षा सुरू झाली. अंगणात बर्फाच्या पाण्याची बादली. त्यात हात बुडवून ठेवायचे, ओरडावंसं वाटलं तरी काढायचे नाहीत, मग ओले हातमोजे घालून सॅक उघडायची. पहिल्या वेळी कडी हाताला लागेना. ती पाठीच्या बाजूला वळत होती. जाऊबाईंनी उसवून पुढे घेतली. पुढच्या वेळी उघडली, पण मेणबत्ती बर्फात पडली.

"परत," जाऊबाई म्हणाल्या.

"आई, माझी बोटं गळून पडतील."

"म्हणूनच परत."

"तू शाळेत बाई असतीस तर पोरं पळून गेली असती."

"पळू दे. हात बुडव."

मी खिडकीतून बघायचे. मुलगी थरथरत असायची आणि आई तिच्यासमोर उभी राहून तिच्या बोटांकडेच बघत असायची, चेहऱ्याकडे नाही. कधी कधी असं वाटायचं की त्या लेकीला शिकवत नाहीयेत, उशिरा का होईना, कुणाची तरी गाठ सोडवताहेत.

फोटो ट्रंकेतून बाहेर आला. पण पूर्वी होता तिथे, मशीनसमोर लागला नाही. मशीनवर बसल्यावर पाठीमागे येईल अशा भिंतीवर जाऊबाईंनी खिळा ठोकला. रात्री दिवा मालवायच्या आधी त्या तिकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहतात. काय म्हणतात ठाऊक नाही. आता गल्लीत त्यांना कुणी गाठवाली म्हणत नाही. कसं कळलं कोण जाणे, पण नाव आपोआप गळालं. कुणी गाडीवर काही बांधायला बोलावलं तर त्या म्हणतात, "पट्टा आणा, बकलाचा."

बुटकीच्या पहिल्या पाहणीच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं, पण डोंगराच्या माथ्याला कापसासारखा ढग चिकटलेला. दारात तिने सॅक पाठीवर घेतली आणि नकळत पाठ करून उभी राहिली, वडील राहायचे तशी. जाऊबाईंचे हात सवयीने वर गेले. तिथे बांधायला काहीच नव्हतं. हात क्षणभर हवेतच राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले, आणि थापही मारली नाही.

"झालं का?" बुटकीने विचारलं.

"तू सांग," जाऊबाई म्हणाल्या.

ती रस्त्याने चढायला लागली. आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या. मी डोळे मिटून तिच्यासाठी मागितलं. या वेळी काय मागायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. डोळे उघडले तेव्हा ती वळणावर थांबली होती. तिने सॅक खाली घेतली, जाड हातमोज्यांतल्या मुठीने कडी ओढली. तोंड उघडलं. एवढ्या लांबूनही आतला चंदेरी कागद चमकलेला दिसला. तिने पुन्हा दुमडून बंद केलं, हात वर केला आणि वळणाआड गेली.

"उघडली," जाऊबाई म्हणाल्या.

मग त्या आत गेल्या. मशीन सुरू झाल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही. माथ्यावरचा ढग हळूहळू खाली सरकत होता.